मदत हवी आहे : डेट्रॉइट 'चॅनल २' च्या जुन्या टेप

डब्ल्यूजेबीके, म्हणजे अमेरिकेतल्या डेट्रॉइटचं चॅनल २, हे १९४८ पासून सीबीएस या टीव्ही नेटवर्कसोबत असलेलं केंद्र ११ डिसेंबर १९९४ ला फॉक्स या दुसऱ्या नेटवर्ककडे गेलं. मुळात भांडण अमेरिकन फुटबॉलचं: एनएफसीचे (तिथल्या एनएफएल लीगमधल्या एका गटाचे) सामने फॉक्सने सीबीएसच्या हातून घेतले होते. सीबीएसला मग डेट्रॉइटमध्ये ६२ नंबरच्या चॅनलवर जावं लागलं. व्हीएचएफवरून (कमी नंबरच्या चॅनलांचा लहरपट्टा) थेट यूएचएफ (मोठ्या नंबरांचा), अँटेनासुद्धा वेगळा!

त्या आठवड्याच्या व्हीएचएस कॅसेट कुणाकडे आहेत का? नुसत्या 'चॅनल २' लेबलवर विसंबू नका; तासाच्या ठोक्याला येणारी केंद्राची ओळखपट्टी बघा. कॅसेटच्या कडेचं प्लास्टिकचं छोटं पातं आधी मोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. रेकॉर्डिंग एनटीएससी (अमेरिकेतली टीव्ही पद्धत) आहे, फक्त पॅलवाल्या (आपल्याकडची पद्धत) व्हीसीआरवर चित्र धड येत नाही. पुण्या-मुंबईत दोन्ही चालवणारं मशीन कुठे मिळेल?