झेक आणि स्लोव्हाक : वेगळे झाल्यावरही जिव्हाळा टिकला तो कशामुळे?

अभ्यासू_सोलापूर :
नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या अभ्यासमंडळात मला झेक प्रजासत्ताक आणि स्लोव्हाकिया यांच्या संबंधांवर टिपण वाचायचे आहे. १ जानेवारी १९९३ रोजी चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले आणि रक्ताचा थेंबही सांडला नाही, एवढे सर्वत्र वाचायला मिळते. परंतु पुढे त्यांच्यातील जिव्हाळा कशाच्या बळावर टिकला, याचा उलगडा होत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त_शिक्षक :
भाऊबंदकीत वाटणीचे कागद वेळेवर झाले की येणे-जाणे सुरू राहते, तसेच येथे घडले, असे माझे मत आहे. जून १९९२ च्या निवडणुकीनंतर झेक बाजूने व्हाक्लाव्ह क्लाउस आणि स्लोव्हाक बाजूने व्लादिमिर मेचियार वाटाघाटींना बसले. स्थावर मालमत्ता ज्याच्या हद्दीत असेल त्याची आणि उरलेली साधारण लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे दोनास एक, असे सूत्र ठरले. सामाईक चलन काही महिने तरी चालेल अशी अपेक्षा होती, पण ८ फेब्रुवारी १९९३ रोजीच ते वेगळे करावे लागले. नव्या नोटा येईपर्यंत दोन्हीकडे जुन्याच नोटांवर छोटी तिकिटे चिकटवून त्या चालवल्या गेल्या. कुरबुरीही झाल्या. संघराज्याची चिन्हे कोणीही वापरायची नाहीत असा कायदा असताना झेक प्रजासत्ताकाने जुनाच ध्वज कायम ठेवला, हे स्लोव्हाकांना खटकले.

आपल्या टिपणात एक गोष्ट अवश्य यावी. या विभाजनावर सार्वमत घेतलेच गेले नाही, आणि त्या काळच्या जनमत चाचण्यांत दोन्हीकडील बहुसंख्य लोक विभाजनाच्या विरोधात होते. जनतेने भांडून घर मोडले नव्हते, म्हणूनच कटुतेला मूळ धरता आले नाही.

पूर्वभाग_वाचक :
सरांच्या म्हणण्याला थोडी पुस्ती जोडते. करारांइतकेच महत्त्व मी भाषेच्या सवलतीला देईन. झेक सरकारी कार्यालयात स्लोव्हाक भाषेत अर्ज करता येतो, आणि झेक सार्वजनिक विद्यापीठांतील झेक माध्यमाचे शिक्षण स्लोव्हाक मुलांनाही विनाशुल्क मिळते. ब्रनोच्या मासारिक विद्यापीठात स्लोव्हाक विद्यार्थी मोठ्या संख्येने दिसतात. कार्यालयात स्वतःच्या भाषेत बोलता येण्याचे मोल अक्कलकोटकडच्या कन्नड भाषिक कुटुंबांना वेगळे सांगायला नको. मात्र हा व्यवहार समसमान नाही. स्लोव्हाक मुले झेक चित्रपट आणि पुस्तके यांच्या सहवासात वाढतात, तर झेक मुलांच्या कानावर स्लोव्हाक फारशी पडत नाही, त्यामुळे तिकडच्या तरुण पिढीला ती समजायला जड जाऊ लागली आहे. मला खरी चिंता याचीच वाटते.

अभ्यासू_सोलापूर :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. परंतु मार्च २०२४ मध्ये झेक सरकारने स्लोव्हाकियाबरोबरच्या मंत्रिमंडळांच्या संयुक्त बैठका स्थगित केल्या. हा जिव्हाळा संपल्याचा पुरावा मानावा काय?

निवृत्त_शिक्षक :
तसे मानू नये. युक्रेन युद्धाबाबत त्या वेळचे झेक पंतप्रधान पेत्र फियाला आणि स्लोव्हाक पंतप्रधान रॉबर्ट फिट्सो यांच्या सरकारांची धोरणे परस्परविरोधी होती, आणि मतभेद गंभीरच होते. तरीही थांबल्या त्या मंत्रिमंडळांच्या बैठका. विद्यार्थ्यांच्या सवलती आणि शेंगेन क्षेत्रातील, म्हणजे आपसातील सीमांवर नेहमीची तपासणी नसलेल्या युरोपीय देशांतील, ये-जा यांना धक्का लागला नाही. नवा राष्ट्राध्यक्ष पहिली परदेशभेट शेजाऱ्यालाच देतो, हा प्रघातही मोडला नाही : त्याच वर्षी जूनमध्ये पदग्रहण केलेले स्लोव्हाक अध्यक्ष पेटर पेलेग्रिनी प्रथम प्रागलाच गेले.