घरच्या संगणकाचा बॅकअप: साधी प्रत बरी की फुकट मिळणारं खास सॉफ्टवेअर?

पिंपळपान

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात घरचा संगणक सुरूच होईना, म्हणून दुरुस्तीला दिला. दुकानात विंडोज नव्याने टाकताना डी ड्राइव्हही फॉरमॅट झाला. बाबांनी निवृत्तीनंतर एका बोटाने टाइप केलेल्या गावाकडच्या आठवणी त्यात होत्या, साठेक पानं. मी निर्धास्त होतो, कारण बाहेरच्या डिस्कवर बॅकअप होता. डिस्क लावली तर आत एकच भली मोठी फाइल. ती उघडायला तेच सॉफ्टवेअर लागतं. पाच वर्षांपूर्वी उतरवलेली ती फुकट आवृत्ती आता मिळत नाही, आणि नवी आवृत्ती ती फाइल ओळखत नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. घरच्या संगणकाला साधी प्रतच हवी. डिस्क कुणाच्याही संगणकाला लावावी, फोल्डर उघडावा, फाइल दिसावी. फ्रीफाइलसिंक फुकट आहे. दोन फोल्डर शेजारीशेजारी दाखवतं, काय बदललंय ते सांगतं आणि तेवढंच कॉपी करतं. दर रविवारी दहा मिनिटांचं काम. याहून जास्त काही लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी कारण सांगावं.

रातवा

बाबांच्या लिखाणाचं वाचून फार वाईट वाटलं. पण निष्कर्ष पटला नाही. साधी प्रत म्हणजे बॅकअप नव्हे.

माझ्या बायकोच्या शिकवण्या आहेत, मुलांच्या फीचा हिशेब एक्सेलमध्ये. जूनमध्ये एका शीटवर भलतीच माहिती पेस्ट होऊन सेव्ह झाली, लक्षात आलं ऑगस्टमध्ये. प्रत तर दर रविवारी घेत होतो. पण पहिल्याच रविवारी चांगल्या फाइलवर बिघडलेली फाइल जाऊन बसली होती. महिन्यापूर्वीची फाइल परत देता येत नसेल, तर त्या डिस्कचा उपयोग फक्त संगणक जळाला तरच.

म्हणून आता कोपिया हे बॅकअपचं सॉफ्टवेअर वापरतो. फुकट आहे, कोड खुला आहे, म्हणजे तो कुणालाही पाहता-वापरता येतो, खिडक्या-बटणं असलेली आवृत्तीही मिळते. फाइलींचे तुकडे करून ते फक्त नवे तुकडे साठवतं, त्यामुळे शंभर दिवसांचे शंभर बॅकअप ठेवले तरी जागा शंभरपट लागत नाही. सगळं पासवर्डने कुलूपबंद असतं, डिस्क हरवली तरी घरचे कागद कुणाला वाचता येत नाहीत. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची सवय असेल तर रेस्टिकही तसंच काम करतं.

पिंपळपान

एक्सेलचा मुद्दा मान्य. पण फ्रीफाइलसिंकमध्येही बदललेली किंवा पुसलेली फाइल तारीख-वेळ लावून वेगळ्या फोल्डरात ठेवायची सोय आहे, ती सेटिंगमध्ये चालू करावी लागते एवढंच. आणि तुमच्या कोपियाचा पासवर्ड विसरला तर?

रातवा

तर सगळं गेलं, त्यावर उपाय नाही. म्हणून आमचा पासवर्ड कागदावर लिहून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलाय आणि तो तिथे आहे हे बायकोला माहीत आहे. तुमच्या अडचणीचं मूळ मला वेगळं वाटतं. ते सॉफ्टवेअर बंद कोडचं होतं, साठवण्याची पद्धत कंपनीच्याच हातात. मॅक्रियम रिफ्लेक्ट या बॅकअपच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती कितीतरी घरांत होती. कंपनीने ती बंद केली आणि १ जानेवारी २०२४ नंतर तिला सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळेनाशा झाल्या. कंपनीचा तो हक्कच आहे. पण खुल्या कोडच्या सॉफ्टवेअरची उतरवून ठेवलेली प्रत कुणी काढून घेऊ शकत नाही. बॅकअपच्या डिस्कवरच त्या सॉफ्टवेअरची फाइलही ठेवा.

सोनचाफा

एवढा खटाटोप कशाला? आमचे फोटो गूगलवर, कागदपत्रं वनड्राइव्हवर. लॅपटॉप बदलला की आपोआप येतात.

रातवा

सोनचाफा, गूगलचे फुकट १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहेत, वनड्राइव्हचे ५. लग्नाच्या एका व्हिडिओत संपतात. आणि हा बॅकअप नव्हे, दोन्हीकडच्या फाइली एकसारख्या ठेवणं (सिंक) आहे. लॅपटॉपवर पुसलेली फाइल तिथूनही पुसली जाते, वनड्राइव्हच्या कचरापेटीत ३० दिवस राहते, मग संपली.

सोनचाफा

पण घराला आग लागली किंवा पाणी शिरलं तर तुमची डिस्क संगणकाशेजारच्या खणातच असणार ना? २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात तळमजल्यांवरची कपाटंच्या कपाटं पाण्याखाली होती. माझी कागदपत्रं तरी वाचतील.

रातवा

हे बरोबर आहे, माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. ३-२-१ हा नियम छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केला: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. आमची घराबाहेरची प्रत नाही. दुसरी डिस्क घेऊन सासूबाईंकडे ठेवतो.

शाईची दौत

मी चोवीस वर्षं घरून डीटीपी करते. तुम्ही सगळे फाइलींबद्दल बोलताय, पण मराठी माणसाच्या जुन्या फाइलींचं दुखणं वेगळं आहे. युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या, आधी श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांत टाइप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतो. त्याला मराठी रूप देतो तो फॉन्ट. फाइल शाबूत आणि फॉन्ट नाही, तर पडद्यावर नुसता गिचमिड कचरा. माझ्याकडे एका दिवाळी अंकाची पानं अशीच आली होती, फॉन्ट शोधण्यात चार दिवस गेले.

म्हणून माझा आग्रह अख्ख्या सी ड्राइव्हच्या प्रतिमेचा आहे, म्हणजे विंडोज, फॉन्ट, पानं मांडायचं जुनं पेजमेकर, सगळं जसंच्या तसं. फुकटात क्लोनझिला आहे, पण त्याचा पडदा बघूनच लोक घाबरतात. रेस्क्युझिला सोपं आहे, माउसने चालतं. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करायचा आणि प्रतिमा घ्यायची. विंडोजमध्ये प्रतिमेची जुनी सोय अजून सापडते, पण मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच तिच्यावरचं काम थांबवल्याचं जाहीर केलंय, तिच्या भरवशावर राहू नका.

पिंपळपान

ताई, पुन्हा एकच मोठी फाइल! माझं पोळलेलं तिथेच आहे.

शाईची दौत

म्हणून प्रतिमा वर्षातून एकदा, नवा प्रिंटर किंवा सॉफ्टवेअर टाकलं की आणखी एकदा. रोजच्या फाइली तुमच्या पद्धतीने. मी दोन्ही करते. दोघांपैकी एक निवडा असं कुणी सांगितलंय?

कोनाडा

विंडोजमधलं फाइल हिस्ट्री कुणी सुचवलं नाही म्हणून लिहितोय. २०१२ पासून आहे, वेगळं काही उतरवायला नको. विंडोज ११ मध्ये ते कंट्रोल पॅनेलमध्ये सापडतं. बाहेरची डिस्क लावली की दर तासाला बदललेल्या फाइलींची प्रत घेतं, जुन्या आवृत्त्या ठेवतं. पिंपळपानांच्या कामाची गोष्ट अशी की त्या साध्या फाइली असतात, नावापुढे तारीख आणि वेळ. कुठल्याही संगणकावर उघडतात. डी ड्राइव्हवरचा फोल्डर मात्र आधी विंडोजच्या ‘लायब्ररी’ या फोल्डरांच्या यादीत घालावा लागतो, नाहीतर तो सुटतो.

एकच सांगतो, डिस्क कायम लावून ठेवू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा त्याने जोडलेल्या बाहेरच्या डिस्कांवरच्या फाइलीही कुलूपबंद केल्या.

पिंपळपान

काल फाइल हिस्ट्री लावून पाहिलं. एक फाइल मुद्दाम बिघडवली, तासाभराने परत आणली, मग तीच डिस्क शेजाऱ्यांच्या लॅपटॉपला लावली. उघडली. रातवा, आवृत्त्यांबद्दल तुमचं खरं होतं. कोपिया मात्र बाबांच्या फोल्डरसाठी नको. मी घरी नसताना त्यांना स्वतः डिस्क लावून फाइल उघडता आली पाहिजे.

बाबांच्या आठवणींची पहिली बावीस पानं आत्याच्या ईमेलमध्ये सापडली. पण शिवाजी फॉन्टमधली आहेत, आणि विंडोज नवं टाकल्यामुळे फॉन्ट गेलाय.

शाईची दौत

फॉन्ट मी पाठवते, मेल करा. आणि पुढच्या प्रतीत सी ड्राइव्हवरच्या विंडोजमधला फॉन्ट्स फोल्डर घ्या. फॉन्ट फक्त एका वापरकर्त्यापुरता टाकला असेल तर तो तिथे सापडणार नाही, त्याच्या अ‍ॅपडेटा फोल्डरात, लोकलमध्ये, मायक्रोसॉफ्टमध्ये, विंडोजमध्ये शोधा. अ‍ॅपडेटा लपवलेला असतो, आधी दिसता करून घ्या.