ब्रूस ब्राउनला नगेट्सनी परत ठेवायचा का सोडायचा?

शहापूर_बास्केट
दोस्तांनो, एक गोष्ट डोक्यातनं जाईना म्हणून विचारतोय. एनबीएमधल्या आपल्या डेन्व्हर नगेट्सबरोबरचा ब्रूस ब्राउनचा करार २०२५-२६ च्या एकाच सीझनचा, तो पण मिनिममवर, म्हणजे लीगनं ठरवलेल्या कमीत कमी पगारावर. तो सीझन संपला की गडी परत मोकळा. ठेवायचा का? माझं मत ठाम आहे, ठेवायचाच. पण इथं नगेट्स बघणारे बरेच आहेत आणि त्यातले निम्मे म्हणतात आता तरण्या पोरांना मिनिटं द्या.

२०२३ च्या फायनलची चौथी मॅच आठवा, मायामीत झालेली. आपल्याकडं सकाळ, कामावर जायची घाई, आणि चौथ्या क्वार्टरला आपल्या मुख्य सेंटरला, योकिचला, पाचवा फाऊल लागून (सहावा लागला की बाहेर) तो बेंचवर. मी बूट घालून दारातच उभा, मोबाईल हातात. त्या क्वार्टरला ब्राउननं ११ पॉइंट मारले, मॅचमध्ये २१, आणि शेवटी शेवटी जो स्टेपबॅक थ्री (मागं सरकून तीन पॉइंटचा शॉट) मारला त्यानंतर मायामीवाल्यांचे खांदेच पडले. १०८-९५. आपल्याच गॉर्डनचे २७ होते, मरेचे १२ असिस्ट आणि एकही टर्नओव्हर नाही, ते सगळं कबूल, पण योकिच बसलेला असताना लीड टिकवायचं काम बेंचवरनं आलेल्या माणसानं केलं. मग त्याच उन्हाळ्यात तो इंडियानाला गेला, २ वर्षांचे साडेचार कोटी डॉलर. पुढच्या उन्हाळ्यात कॅल्डवेल-पोप पण गेला ऑरलँडोला, ३ वर्षांचे ६ कोटी ६० लाख. त्यानंतर आपला बेंच कसा झालता ते सगळ्यांनी बघितलंय. आता परत तीच चूक करायची का?

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट
मनाला लागतंय ते समजतं, पण २०२३ चा ब्राउन आणि आत्ताचा ब्राउन एकच धरू नका. मधल्या काळात इंडियानानं त्याला सियाकमच्या ट्रेडमध्ये टोरांटोला दिला, टोरांटोनं न्यू ऑर्लिन्सला, मधे गुडघ्याचं ऑपरेशन. १५ ऑगस्ट २०२६ ला तो ३० चा होतोय. ज्याचा सगळा खेळ पळण्यावर आणि अंगावर घेण्यावर आहे त्याला तिशी जड जाते.

आणि आपल्या तरण्या पेटन वॉटसनचं काय? तो पण २०२६ च्याच उन्हाळ्यात मोकळा होतोय, रिस्ट्रिक्टेड, म्हणजे दुसऱ्या टीमची ऑफर आली तर डेन्व्हर मॅच करू शकतं. ख्रिश्चन ब्रॉनला आधीच ५ वर्षांचे साडेबारा कोटी दिलेत. आधी वॉटसन, मग बाकीचे. पोरगा लांब आहे, ब्लॉक करतोय, वय आहे त्याच्याकडं.

खानापूरकर
वॉटसन आधी हे बरोबर, पण तुम्ही दोघंबी एकाला दुसऱ्याच्या समोर उभा करूलालाय, तसं नाही ते. जरा नियम बघूया कारण सगळी गोम तिथंच आहे.

२०२३ ला ब्राउन गेला तो डेन्व्हरला नको होता म्हणून नव्हे. टीम कॅपच्या, म्हणजे पगाराच्या ठरलेल्या मर्यादेच्या, वर असली तरी स्वतःच्या खेळाडूला जादा देता येतं, पण किती ते तो तिथं किती सीझन सलग राहिलाय त्यावर. एकच सीझन झाला असेल तर आधीच्या पगाराच्या १२० टक्के, बस्स. ब्राउन एकच सीझन खेळलेला, म्हणून डेन्व्हरचा हात ७८ लाख डॉलरच्या आसपास जाऊन थांबला आणि तिकडं इंडियाना वर्षाला सरासरी सव्वादोन कोटी देत होतं. कुठला माणूस थांबेल?

दोन सीझन सलग झाले की हिशोबच बदलतो. मग आधीच्या पगाराच्या १७५ टक्के किंवा लीगच्या सरासरी पगाराच्या १०५ टक्के, दोन्हीतलं जे मोठं ते देता येतं, म्हणजे कोटीच्या वर जाता येतं. तीन झाले की पूर्ण मोकळीक. म्हणून माझं म्हणणं, २०२६ च्या उन्हाळ्यात त्याला अजून एक वर्ष मिनिममवर राजी करा. २०२७ ला डेन्व्हरकडं त्याला खरे पैसे द्यायचा हक्क येतोय, जो २०२३ ला नव्हता. त्याला पण फायदा आहे, असा एक वर्षाचा करार केला तर ट्रेडला नाही म्हणायचा हक्क त्याला मिळतो, टोरांटो-न्यू ऑर्लिन्ससारखं सामान बांधून फिरायला नको.

दोन वर्षांचा मिनिमम करार करा म्हणणारे पण भेटतात. नको. एक वर्षाचा असला तर टीमच्या हिशोबात लीगमध्ये दोनच वर्षं खेळलेल्या पोराचा कमी मिनिमम धरतात, २०२५-२६ ला साधारण २३ लाख, वरचा फरक लीग देते. दोन वर्षांचा केला की पूर्ण आकडा आपल्या डोक्यावर. सेकंड अॅप्रनजवळ, म्हणजे पगाराच्या सगळ्यात वरच्या मर्यादेजवळ, घुटमळणाऱ्या टीमला तेवढं पण जड असतं.

निपाणीचा_सेंटर
खानापूरकरांनी पैशाचं सांगितलं, मी खेळाचं सांगतो. हा माणूस गार्ड, सहा फूट चार इंच, पण ब्रुकलिनला असताना त्याला सेंटरसारखा वापरलेला, स्क्रीन लावायचा, म्हणजे डिफेंडरची वाट अडवून उभा राहायचा, आणि बास्केटकडं आत घुसायचा. नीट बघा कधीतरी. स्क्रीन लावला की फ्री थ्रो लाइनच्या आसपास बॉल घेतो, तिथं थांबत नाही, दोन पावलात फ्लोटर नाहीतर कोपऱ्यात पास. योकिचच्या टीममध्ये हे न शिकवता येणारा माणूस म्हणजे सोनं, कारण योकिच बॉल कधी सोडेल हे डोळे वर करून बघत बसणाऱ्याला कळतच नाही, तो पोचेपर्यंत बॉल गेलेला असतोय.

आमच्या टीममधी असाच एक पोरगा होता. स्कोअरशीटवर चार-सहा पॉइंट, कधी तेवढे पण नाहीत. पण मी पोस्टमध्ये पाठ करून उभा असलो की मागनं त्याचा आवाज यायचा, "डावीकडं, डावीकडं, एकटाच हाय", आणि मला वळून बघावं लागायचं नाही. नोकरी लागून तो कोल्हापूरला गेला, आम्ही त्याच्या जागी जास्त शूटिंगवाला आणला, आणि पुढची स्पर्धा सगळी मी वळून बघण्यातच घालवली. मला डबल टीम, म्हणजे अंगावर येणारा दुसरा डिफेंडर, कुठनं येतोय ते शेवटपर्यंत कळलं नाही.

लेकर्सनी कारुसोचं, असल्याच एका गार्डचं, हेच केलं की. २०२० ची रिंग, म्हणजे चॅम्पियनशिप, त्याच्यासोबत जिंकली, २०२१ ला सोडला, शिकागोनं ४ वर्षांचे ३ कोटी ७० लाख देऊन नेला. आणि २०२५ ला ओक्लाहोमाच्या जर्सीत सातव्या मॅचला योकिचच्या अंगाला चिकटून कोण खेळला? तोच कारुसो. १२५-९३ नं आपणच बाहेर पडलो. मला ती मॅच अजून बघवत नाही.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट
कारुसोचं उदाहरण मान्य. पण कारुसो सोडला तेव्हा २७ चा होता, हा तिशीचा, हे लक्षात ठेवा. एक वर्षाचा मिनिमम असेल तर माझी हरकत नाही. २०२७ ला कोटीच्या वर द्यायची गोष्ट मात्र तेव्हाचा गुडघा बघून.

शहापूर_बास्केट
गुडघ्याचं पटलं. खानापूरकर, दुसऱ्या कुठल्या टीमनं मिनिममपेक्षा जरा जास्त दाखवलं तर डेन्व्हर काय करू शकतं? तिथं तो परत जाईल ही भीती मला आहेच.

खानापूरकर
मिनिममच्या १२० टक्क्यांपर्यंत जाता येतं, त्याच्यावर वेगळी एक्सेप्शन, म्हणजे कॅपमधली सवलत, वापरावी लागते, आणि सेकंड अॅप्रनच्या वर गेलं तर मिड-लेव्हल नावाची सवलत पण मिळत नाही. म्हणजे मोठी ऑफर आली तर तो गेला समजा, रोखायला काही नाही. पण मिनिमममध्ये डेन्व्हरला परत आलाय तो स्वतःहून आलाय, त्यामुळं मला आशा आहे. आधी वॉटसनचा आकडा किती होतोय ते बघा, त्याच्यावरच सगळं ठरणार.