खरा स्कॉट कोण? गोंदवून घेणारा कॉनरी की डनब्लेनचा मरे?

पावसाळी_छत्री (धागाकर्ता)

गेल्या रविवारी मेव्हण्याला डनब्लेन दाखवायला नेलं. आम्ही स्कॉटलंडात स्टर्लिंगला राहतो, तिथून आगगाडीनं दहा मिनिटांवर. डनब्लेनच्या हाय स्ट्रीटवर एक सोनेरी टपालपेटी आहे. 2012च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या सुवर्णविजेत्यांच्या गावांतली एकेक लाल पेटी सोनेरी रंगवली होती, त्यातली ही टेनिसपटू अँडी मरेची. मेव्हण्यानं फोटो काढला आणि म्हणाला, "मरे ठीक आहे रे, पण स्कॉटलंड म्हटलं की शॉन कॉनरीच." परतीच्या गाडीत वाद झाला, घरी वरणभात जेवताना झाला, बायकोनं दोघांनाही गप्प बसवलं. म्हणून इथे आलो.

माझं म्हणणं साधं आहे. कॉनरी थोर नट, शंकाच नाही. एडिंबरोच्या फाउंटनब्रिजमध्ये 1930 साली जन्मला, घोडागाडीवरून दूध घातलं, सोळाव्या वर्षी नौदलात गेला, तिथे हातावर 'स्कॉटलंड फॉरएव्हर' गोंदवून घेतलं. आणि मग? आयुष्याचा मोठा काळ देशाबाहेर, शेवटची अनेक वर्षं बहामात, 2020 साली मृत्यूही तिथेच. स्वतंत्र स्कॉटलंडची बाजू मात्र हिरिरीने मांडायची. उन्हात बसून पावसावर प्रेम करणं सोपं असतं हो!

मरेचं तसं नाही. 13 मार्च 1996 ला डनब्लेनच्या प्राथमिक शाळेत गोळीबार झाला, सोळा मुलं आणि त्यांच्या बाई गेल्या. अँडी आणि त्याचा भाऊ जेमी त्या दिवशी त्याच शाळेत होते. पुढे कितीतरी वर्षं डनब्लेन म्हटलं की जगाला तेवढंच आठवायचं. या पोरानं 2013 ला विम्बल्डन जिंकलं. फ्रेड पेरीनंतर 77 वर्षांनी ब्रिटनचा पुरुष विजेता झाला. त्यानंतर गावाच्या नावापुढे सांगण्यासारखं आणखी काहीतरी आलं. गावाजवळचं जुनं हॉटेल त्यानं विकत घेतलं, ते आजही चालू आहे. माझ्या लेखी गाव न सोडणारा तो खरा. तुम्ही सांगा.

---

सदाशिवपेठी_चष्मा

'गाव न सोडणारा' वाचून चहा सांडला. मरे पंधराव्या वर्षी बार्सिलोनाच्या अकादमीत गेला आणि मोठेपणी राहतो इंग्लंडात, सरेमध्ये. बहामा काय आणि सरे काय, डनब्लेन दोन्हीत नाही. उन्हाचा फरक तेवढा मान्य.

---

पावसाळी_छत्री

टेनिससाठी बार्सिलोनाला जाणं आणि बहामाला जाऊन गोल्फ खेळणं यात फरक आहे की नाही? शिवाय त्याचा पाया डनब्लेनच्या क्लबातलाच. आई ज्युडी मरे तिथे पोरांना शिकवायची, त्यातून एका घरात जगातले दोन नंबर एक निघाले, 2016 मध्ये जेमी दुहेरीत आणि अँडी एकेरीत.

---

अ‍ॅबर्डीनकर

दोघांच्याही भक्तांना एक जुनी गोष्ट सांगतो. 18 सप्टेंबर 2014, स्कॉटलंडनं स्वतंत्र व्हावं की नाही यावर सार्वमत. मी तेव्हा तेल कंपनीच्या कामानं अ‍ॅबर्डीनला होतो. मतदानाचा नियम असा, की जो स्कॉटलंडात राहतो तो मतदार. सोळा वर्षांची पोरं मतदार, इंग्लंडहून शिकायला आलेले मतदार, आणि राष्ट्रकुलातले म्हणून आम्ही भारतीयही मतदार! खिशात भारताचा पासपोर्ट घेऊन मी मत टाकून आलो. (काय टाकलं ते बायकोलाही सांगितलेलं नाही.)

कॉनरीला मत नव्हतं. मरेलाही नव्हतं. त्यानं त्या दिवशी सकाळी स्वातंत्र्याच्या बाजूनं ट्वीट केलं आणि शिव्या खाल्ल्या, पण पत्ता सरेचा. हातावर गोंदवलेला आणि सोनेरी पेटीवाला दोघेही बाहेर, आणि आत कोण, तर सांगलीचा मी. 55 विरुद्ध 45 टक्क्यांनी 'नाही' जिंकलं. तेव्हा कोण कुठे राहतो यावरून खरा-खोटा ठरवायला निघालात तर खरा स्कॉट मीच निघेन. हलके घ्या.

---

आजीची_गोधडी

अ‍ॅबर्डीनकर, जबरी!

---

मागच्या_बाकावरून

राहण्याचं सोडा. मुद्दा बोलण्याचा आहे, आणि तिथे कॉनरीच्या जवळपास कुणी नाही.

त्याच्या भूमिका आठवा. 'द अनटचेबल्स'मध्ये तो शिकागोचा आयरिश हवालदार. बोलतो एडिंबरोचं, आणि त्यावर ऑस्कर घेतो. 'द हंट फॉर रेड ऑक्टोबर'मध्ये सोव्हिएत पाणबुडीचा लिथुआनियन कप्तान. तोही फाउंटनब्रिजचा. 'हायलँडर'मध्ये तर कहर आहे. नावातच स्कॉटलंड असलेल्या या सिनेमात स्कॉट नायक झालाय क्रिस्टोफर लॅम्बर्ट हा फ्रेंच नट, आणि खराखुरा स्कॉट कॉनरी झालाय इजिप्तहून स्पेनमार्गे आलेला उमराव. आणि तो उमरावही तसंच 'श'कार ओढत बोलतो! हसू येतं, पण विचार करा. हा दूधवाला गडी. ब्रिटनमध्ये तोंड उघडलं की माणसाचा वर्ग कळतो. नट व्हायचं तर आधी बोलणं धुऊन ये, असं सांगण्याचा तो काळ. यानं फारसं काही धुतलं नाही. जग त्याच्या बोलण्याला सवयीचं झालं.

आपल्याकडे बघा. हिंदी सिनेमात बोलण्याला मराठी वळण आलं की पात्र हवालदार किंवा कामवाली बाई. राजा, शास्त्रज्ञ, पाणबुडीचा कप्तान अशा भूमिकेत मराठी वळणाचं हिंदी बोलणारा नट किती वेळा पाहिलात? आपले मोठमोठे नट तिथे जाताना आधी उच्चार घासूनपुसून जातात. म्हणून मला कॉनरी मोठा वाटतो. हातावरच्या गोंदणाचं मला कौतुक नाही, जिभेवरचं गोंदण त्यानं पुसलं नाही याचं आहे.

डेव्हिड टेनंट पेझ्लीत वाढलेला, पण 'डॉक्टर हू' या मालिकेत इंग्रजी उच्चार लावून बोलला. पुढे त्याच भूमिकेत पीटर कपाल्डी आला तो आपलं ग्लासगो घेऊनच. मला कपाल्डी जास्त आवडला, कारण सांगायला नको.

---

सदाशिवपेठी_चष्मा

भूमिकेप्रमाणे उच्चार बदलता न येणं याला आमच्याकडे अभिनयातली उणीव म्हणतात. तुम्ही त्याची अस्मिता केलीत. लिथुआनियन कप्तान एडिंबरोचं बोलतो हे कौतुकाचं असेल, तर उद्या शिवाजी महाराजांच्या भूमिकेत कुणी भोजपुरी वळणानं बोललं तर चालेल ना?

---

मागच्या_बाकावरून

चालणार नाही. आणि हो, तुमचा मुद्दा चपखल आहे, मला त्याचं उत्तर सापडत नाहीये. तरी मत बदलत नाही.

---

पेनल्टी_कॉर्नर

नट आणि टेनिसपटू यांवर एवढी चर्चा, आणि फुटबॉलचा उल्लेख नाही? ग्लासगोत हे वाचलं तर धागा पेटवतील.

मॅट बझ्बी, बिल शँकली, जॉक स्टीन. मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल आणि सेल्टिक हे तीन क्लब या तिघा प्रशिक्षकांनी घडवले. तिघेही ग्लासगोच्या आसपासच्या कोळसा खाणींच्या पट्ट्यातले, तिघांनीही खाणीत काम केलेलं. शँकलीचं ग्लेनबक तर मूठभर घरांचं. खाणी बंद पडल्या आणि गाव जवळजवळ पुसलंच गेलं, पण त्याआधी तिथून पन्नासच्या आसपास व्यावसायिक खेळाडू निघाले. त्यांच्यामागून आलेला अ‍ॅलेक्स फर्ग्युसन गोव्हनचा, बाप जहाजबांधणीत कामगार. मँचेस्टर युनायटेडला 13 वेळा लीग जिंकून दिली हे सगळे सांगतात. त्याआधी 1983 मध्ये अ‍ॅबर्डीनसारख्या क्लबाला घेऊन युरोपियन कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात त्यानं रेआल माद्रिदला हरवलं, हे कमी लोक सांगतात.

आणि 1967चा सेल्टिक. लिस्बनमध्ये इंटर मिलानला 2-1 हरवून युरोपियन कप. मैदानातले अकराच्या अकरा सेल्टिक पार्कपासून (क्लबच्या मैदानापासून) तीस मैलांच्या आत जन्मलेले. तीस मैल म्हणजे पुण्याहून निघून लोणावळाही गाठत नाही. आजच्या अब्जावधींच्या फुटबॉलमध्ये हे पुन्हा होणं नाही. गावाचा मुद्दा काढायचा तर हे अकरा जण काढा, सरेवाला कशाला?

---

पावसाळी_छत्री

लिस्बनचा संघ मान्य, बिनशर्त. पण बझ्बी आणि शँकली? त्यांनी मोठे केलेले क्लब इंग्लंडचे. म्हणजे पुन्हा गाव सोडलेलेच की.

---

पेनल्टी_कॉर्नर

आता तुम्ही दोन्ही बाजूंनी बोलताय.

---

नाईट_वॉचमन

अवांतर, पण मराठी माणसाला सर्वांत ठाऊक असलेला स्कॉट कोण, तर माइक डेनेस. त्याला स्कॉट म्हणून मात्र कुणी ओळखत नाही. जन्म बेल्सहिलचा (बझ्बीही तिथलाच), कप्तान इंग्लंडचा. 1974 मध्ये आपल्या वाडेकरांचा संघ लॉर्ड्सवर 42 त गारद झाला तेव्हा समोर हाच होता, आणि त्याच सामन्यात यानं शतकही ठोकलं होतं. पुढे 2001 मध्ये पोर्ट एलिझाबेथला सामनाधिकारी म्हणून सचिनसकट सहा भारतीयांवर कारवाई केली. आमच्या चाळीत त्या आठवड्यात 'हा इंग्रज' म्हणून त्याचा उद्धार चालला होता. मी एकदा म्हटलं, अहो तो स्कॉटिश आहे. आमचे बापट काका म्हणाले, "तेच ते." पंचवीस वर्षं होत आली, ते 'तेच ते' मला या विषयावरचं सर्वांत स्कॉटविरोधी वाक्य वाटत आलंय.

उलट बाजूनं सांगायचं तर बॉडीलाइनवाला (फलंदाजाच्या अंगावर चेंडू टाकायला लावणारा) डग्लस जार्डिन. आईबाप स्कॉटिश, जन्म मुंबईचा, मलबार हिलचा, आणि कप्तान इंग्लंडचा. त्याला कुठे बसवणार?

आणि 2003च्या उन्हाळ्यात आपला राहुल द्रविड स्कॉटलंडकडून खेळला होता, इंग्लिश कौंट्यांच्या एकदिवसीय लीगमध्ये. अकरा सामने, 600 धावा, तीन शतकं. त्याला सोनेरी पेटी द्या अशी माझी सूचना आहे.

---

आजीची_गोधडी

एवढे प्रतिसाद झाले, पण खेळणारी बाई एकही नाही. ज्युडी मरे आली तीही 'आई' म्हणून.

रोझ रायली हे नाव कुणी ऐकलंय का? एअरशरमधल्या स्टुअर्टनची. लहानपणी मुलांच्या संघात खेळता यावं म्हणून केस कापून 'रॉस' नावानं खेळायची. ती वाढत होती तेव्हा स्कॉटिश फुटबॉल संघटना बायकांच्या फुटबॉलला मान्यताच देत नव्हती. 1973 ला ती फ्रान्सला गेली, तिथून मिलानला. पुढे इटलीनं तिला आपल्या राष्ट्रीय संघात घेतलं, कप्तान केलं, आणि 1984 मध्ये तेव्हाच्या बायकांच्या (अनधिकृत) विश्वचषकात इटली जिंकली, अंतिम सामन्यात तिचा गोल. स्कॉटलंडच्या पुरुषांना 1998 पर्यंत विश्वचषकाची पहिली फेरीही ओलांडता आली नव्हती, त्यानंतर तर 2025च्या नोव्हेंबरात डेन्मार्कला हरवेपर्यंत पात्रसुद्धा होता आलं नाही. इथे एक स्कॉट कप्तान चषक उचलते, आणि अंगात सदरा इटलीचा.

कॉनरीनं देश सोडला, मरेनं गाव सोडलं, यावर तुमचा काथ्याकूट चालू आहे. तिला सोडावं लागलं. यात फरक आहे. 2007 मध्ये स्कॉटिश फुटबॉलच्या मानाच्या यादीत घेतलं तिला, तोवर ती पन्नाशी ओलांडून गेली होती.

---

सदाशिवपेठी_चष्मा

हे माहीत नव्हतं. चष्मा पुसला.

---

मागच्या_बाकावरून

मलाही. आजी, तुमच्यापुढे माझा कप्तान रेमियस पाणबुडीसकट बुडाला.

---

पावसाळी_छत्री

मेव्हण्याला सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. अ‍ॅबर्डीनकरांचा मतदानाचा मुद्दा आला तेव्हा तो इतका हसला की मला राग आला. गाव न सोडण्याबद्दलचं माझं वाक्य मागे घेतो, ते पडलंच. मरेबद्दलचं प्रेम मागे घेत नाही. त्या शाळेवरून रोज जाणाऱ्या गाडीत मी बसतो, त्यामुळे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. कॉनरीच्या बोलण्याबद्दल मात्र मेव्हणा आणि मागचं बाक एका बाजूला गेलेत. दोघांनी मिळून 'हायलँडर' बघावा.

आजीची गोधडी, एक विचारतो. स्टुअर्टनला रोझ रायलीचं काही आहे का? पाटी वगैरे?

---

आजीची_गोधडी

मी नाशिकला बसून काय सांगणार? तुम्हीच जाऊन बघा की.

---

अ‍ॅबर्डीनकर

स्टर्लिंगहून ग्लासगो क्वीन स्ट्रीटला उतरायचं, सेंट्रल स्टेशनपर्यंत चालत जायचं, तिथून किल्मारनॉकची गाडी. स्टुअर्टनला स्टेशन आहे. छत्री न्या.