घोटे कोरडे, तरी अंगात पाणी
डायलिसिसच्या पेशंटबद्दल ‘पायाला सूज नाही म्हणजे पाणी साठलेलं नाही’ असं कुणी म्हटलं, तर ते मला पटत नाही. माझे बाबा डायलिसिसवर. त्यांचं ड्राय वेट (जादा पाणी काढून टाकल्यावर असायला हवं ते वजन) ५८ किलो ठरलेलं. मध्ये टायफॉइड झाला, महिनाभर पेजेवर होते, मनगटातलं घड्याळ कोपराकडे सरकायला लागलं. काटा मात्र दर डायलिसिसनंतर ५८च! मांस झडलं, त्याची जागा पाण्याने घेतली. घोटे कोरडे, पण आडवं झालं की दम लागायचा, रात्री दोन उशांशिवाय झोप नाही. डॉक्टरांनी हळूहळू ५५ वर उतरवलं तेव्हा एक उशी सुटली.

आणि डायलिसिसच्या एकाच बैठकीत सगळं पाणी ओढायला सांगू नका. तासाला वजनाच्या दर किलोमागे १३ मिलीहून जास्त पाणी काढलेल्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलंय. ५५ किलोला चार तासांत ते साधारण २.८ लिटर होतं.