इयन वॉलर यांची कमाल फक्त लाकडात नव्हती
इयन वॉलर यांनी घडवलेल्या ‘वॉल’ या इलेक्ट्रिक बास गिटारचा आवाज म्हणजे त्यांच्या लाकूड निवडण्याच्या नजरेची किमया, असे या चर्चेत कोणीतरी म्हटले आहे, ते मला अर्धेच पटते. महॉगनीच्या गाभ्यावर दुसऱ्या लाकडाचे पातळ थर चढवलेली ती बॉडी देखणी असते, वादच नाही. पण वॉलर आणि त्यांचे सहकारी पीट स्टीव्हन्स यांचे खरे वेगळेपण आत दडलेल्या पिकअप (तारांच्या कंपनांचे विद्युत संकेत करणारा भाग) आणि सर्किटमध्ये होते, आणि त्याचा उल्लेख या चर्चेत अजून कोणीच केलेला नाही. चार तारांच्या वॉलच्या प्रत्येक पिकअपमध्ये दर तारेला दोन अशी आठ स्वतंत्र कॉइल (वेटोळी) असतात. शिवाय नेहमीच्या बेस-ट्रेबलच्या बटणांऐवजी प्रत्येक पिकअपला स्वतःचा लो-पास फिल्टर (ठरावीक मर्यादेवरचे उंच स्वर कापणारी गाळणी) दिलेला असतो, आणि बटण वर ओढले की ज्या कंपनसंख्येवर आवाज कापला जातो, नेमका तिथेच उठाव मिळतो. फ्रेटलेस (दांड्यावर पट्ट्या नसलेल्या) वॉलवर बटण वर ओढून ते हळूहळू फिरवताना माझ्या डोळ्यांदेखत, खरे तर कानांदेखत, तोच स्वर ‘ऊ’पासून ‘आ’पर्यंत उघडत गेला होता, नुसत्या लाकडाला हे साधणार नाही. फ्रेटलेस बास वाजवणारे मिक कार्न यांच्या वादनातला तो बोलका, नाकातला सूर ज्यांना आवडतो, त्यांनी कार्न यांच्या बोटांइतकेच श्रेय या सर्किटला द्यावे. वॉलर 1988 मध्ये वारले, तरी स्टीव्हन्स यांनी पुढे हीच रचना कायम ठेवली.