वीण, पिसारा आणि रातथारा

'वीण' म्हणजे विणकाम का हो? दापोलीकडे पक्षी पाहायला नव्यानं आलेल्यांपैकी कुणीतरी हे विचारतंच. शंका रास्त आहे, समोर सुगरणीचा खोपाच लोंबत असतो ना! पण शब्द दोन वेगळे. खोपा विणतात ते विणणं. पक्ष्यांची वीण आली ती 'विणे' म्हणजे व्याणे यातून, गाय व्याली म्हणतो त्यातलीच. जोडी जमण्यापासून पिल्लं उडेपर्यंतचा काळ तो विणीचा हंगाम.

'पिसारा' ऐकलं की डोळ्यांपुढे मोर येतो. पक्षी पाहणारे मात्र अंगावरच्या सगळ्या पिसांना मिळून पिसारा म्हणतात, मग ती चिमणी का असेना. हे आधी सांगावंच लागतं, नाहीतर नवखा माणूस शेपूटच न्याहाळत बसतो.

आणि 'विणीचा पिसारा' समजायला हर्णै बंदरासारखी जागा नाही. डिसेंबरात मासळीच्या लिलावाच्या वेळी कुरवांचे, म्हणजे सीगल पक्ष्यांचे, थवे उतरतात. पुस्तकात नाव 'तपकिरी डोक्याचा कुरव', आणि डोकं तर पांढरं! डोळ्यामागे काळसर ठिपका तेवढा. मंडळी पुस्तकालाच चुकीचं ठरवतात. तेच कुरव मार्चअखेरीस पाहा. कुणाच्या कपाळावर तपकिरी डाग, कुणाचं अर्धं डोकं रंगलेलं, एखाद्याचं गळ्यापर्यंत पुरतं तपकिरी. ही पिसं बदलण्याची तयारी लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांवरच्या विणीसाठी. नाव पडलंय ते विणीच्या पिसाऱ्यावरून, आपल्याकडे हिवाळा काढतो तो साध्या पिसाऱ्यात. पक्षी एकच, वेष दोन. गायबगळाही तसाच. थंडीत पांढराशुभ्र, आणि चिखळणीच्या दिवसांत नांगरामागे फिरताना डोकं-मान नारिंगी.

आता मला सगळ्यात आवडणारा शब्द, 'रातथारा'. थारा म्हणजे आसरा, रात्रीपुरता तो रातथारा. घरटं आणि रातथारा यांत फार घोटाळा होतो, कारण पक्षी रोज रात्री घरट्यात झोपतो असं आपण लहानपणापासून धरून चाललेलो असतो. बहुतेक पक्ष्यांचं घरटं अंडी-पिल्लांपुरतंच असतं. गेल्या हिवाळ्यात आंजर्ल्याच्या खाडीवर संध्याकाळी तिवरं बगळ्यांनी पांढरी झाली होती. सोबतची मुलगी हरखून म्हणाली, "काका, केवढी घरटी!" दुर्बीण तिच्या हातात दिली नि म्हटलं, "काड्या दिसतात का बघ." एकही नव्हती. नुसते बगळे, जागेसाठी एकमेकांना चोची मारणारे.

झाडावर बगळ्यांची एकत्र घरटी असली तर ते 'सारंगागार'. निसर्गलेखक मारुती चितमपल्लींनी दिलेला हा शब्द. वहीत नोंद करताना हे दोन्ही वेगळे लिहा. रातथाऱ्याची मोजणी सूर्यास्ताला, पक्षी येत असताना करायची. सारंगागारापासून मात्र लांब उभं राहायचं, आपल्या चाहुलीनं बगळे उठले की उघड्या अंड्यांवर कावळे टपलेलेच असतात.